परसातला लहान कोंबडा : एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहरातून मनमाडच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले की औद्योगिक वसाहतीला लागून नागापूर लागते. एकेकाळचे हे खेडे आता कारखाने, चाळी, नव्या इमारती आणि मधूनमधून उरलेल्या जुन्या घरांचे मिळून झालेले आहे. अशा वस्तीत घरामागच्या चार हात जागेत जाळी लावून पाच-सहा कोंबड्या पाळणे अजून संपलेले नाही. पिल्ले बहुधा फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली असतात. चार महिन्यांनी त्यातल्या एखाद्याचा तुरा लाल होऊ लागतो, शेपटीची पिसे वळू लागतात, आणि एका पहाटे घोगरा आवाज निघतो. घेतली कोंबडी म्हणून, निघाला तलंगा! त्यातही इतरांच्या मानाने अंगाने लहान. मग घरात प्रश्न पडतो : हा ठेवायचा की नाही?

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देताना चार निरनिराळी शास्त्रे मदतीला घ्यावी लागतात. आणि त्या शास्त्रांचा बराचसा भाग कोंबडीच्या खुराड्यातच तयार झालेला आहे. म्हणून आम्ही येथे हा प्रश्न त्याच्या इतिहासासह मांडतो. वर्गात जीवशास्त्र शिकवताना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू आहे.

अंड्यासाठी कोंबडा लागतो का?

पहिला समज दूर करू. अंडे घालण्यासाठी कोंबडीला नराची गरज नसते. वाढत्या उजेडाच्या आणि संप्रेरकांच्या प्रभावाने अंडाशयातला एक बलक पिकतो, सुटतो, आणि नळीतून खाली येताना त्याच्याभोवती पांढरे, पापुद्रे व कवच चढते. या सगळ्याला साधारण २४ ते २६ तास लागतात. नराशी संयोग झालेला असेल तर बलक सुटल्यावर लगेच, पांढरे चढण्यापूर्वी, त्याचे फलन होते. नसेल तर होत नाही. अंडे दोन्ही प्रकारे बाहेर येते. खाणाऱ्याच्या दृष्टीने दोहोंच्या पोषणमूल्यात फरक नाही.

ॲरिस्टॉटलला इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात हे ठाऊक होते. नराशिवाय घातलेल्या अंड्यांना ग्रीक लोक ‘वाऱ्याची अंडी’ म्हणत, आणि त्यातून पिल्लू निघत नाही हे त्याने नोंदवले आहे. उबवायला ठेवलेली अंडी एकेक करून फोडून त्याने पाहिली. तीन दिवस व तीन रात्रींनंतर पांढऱ्यात रक्ताच्या ठिपक्यासारखे हृदय दिसते आणि ते हलते, हे त्याचे निरीक्षण आजही कोणत्याही शाळेत पडताळता येईल.

नर नेमके काय करतो, हा प्रश्न मात्र त्यानंतर दोन हजार वर्षे सुटला नाही. इटलीतील पादुआ विद्यापीठात शरीरशास्त्र शिकवणाऱ्या फॅब्रिशिअसला कोंबडीच्या गुदद्वाराजवळ एक लहानशी पिशवी आढळली. कोंबडा दूर केल्यानंतरही कोंबडी बरेच दिवस फलित अंडी घालते, हे अनुभवाने माहीत होते. तेव्हा नराचे वीर्य याच पिशवीत साठत असावे, असे त्याने मानले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे, म्हणजे रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे, याला हे पटले नाही. पिशवीत वीर्य सापडत नव्हते. शिवाय ती पिशवी नरातही असते! १६५१ साली हार्वेचे प्राण्यांच्या उत्पत्तीवरचे पुस्तक निघाले. त्याच्या सुरुवातीच्या चित्रातच ‘सर्व काही अंड्यातून’ अशा अर्थाचे शब्द आहेत.

गुरूचा तर्क चुकला, पण त्याचे निरीक्षण वाया गेले नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत ग्लिक, चांग आणि जॅप यांनी दाखवले की ही पिशवी पिल्लूपणीच काढून टाकली तर पक्ष्याच्या अंगात प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. रक्तातल्या ‘बी’ पेशींच्या नावातला ‘बी’ हा या पिशवीच्या लॅटिन नावावरून, बर्सा या शब्दावरून, आलेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातील रोगप्रतिकारशक्तीच्या धड्याचे एक मूळ असे कोंबडीत आहे.

शुक्रपेशी साठण्याची जागा वेगळीच निघाली. अंडनलिकेच्या आतल्या आवरणात, विशेषतः तिच्या खालच्या भागात, अतिशय बारीक नळ्या असतात. हे विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाले. तेथे शुक्रपेशी दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही जिवंत राहतात. यातून घरासाठी दोन उपयुक्त गोष्टी निघतात. आज कोंबडा काढला तरी पुढचे दोन-तीन आठवडे अंडी फलित असू शकतात. आणि कोंबडा बदलला तर नव्या नराची पिल्ले खात्रीने हवी असल्यास तीन-चार आठवडे थांबावे लागते.

आगाखान पॅलेसमधील एक युक्तिवाद

फलित आणि अफलित अंड्यांतील हा फरक आपल्याकडे केवळ जीवशास्त्राचा राहिला नाही. तो ताटातलाही झाला. याचा सर्वांत लक्षणीय दाखला पुण्यातला आहे.

९ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या आरंभीच काँग्रेसचे नेते पकडले गेले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि कार्यकारिणीच्या इतर सदस्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. आज नागापूरहून हा किल्ला थोड्याच अंतरावर आहे. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले. तेथे त्यांनी १९४२ च्या उत्तरार्धात आरोग्यावरचे एक छोटे पुस्तक गुजरातीत लिहिले. सुशीला नय्यर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद पुढे १९४८ मध्ये ‘की टु हेल्थ’ या नावाने निघाला.

या पुस्तकात आहाराचा विचार करताना गांधीजी अंड्याकडे येतात. अंडे म्हणजे मांसच अशी सर्वसाधारण समजूत असली तरी ती बरोबर नाही, असे ते सांगतात. कोंबडीला नराजवळ जाऊ दिले नाही तरी ती अंडी घालते, आणि अशा अंड्यातून पिल्लू कधीच होत नाही. म्हणून ज्याला दूध चालते त्याला असे अंडे घेण्यास हरकत नसावी, असा त्यांचा युक्तिवाद आहे. विद्यार्थिदशेत लंडनला असताना त्यांनी काही काळ अंडी घेऊन पुढे सोडून दिली होती. तरीही त्यांनी वस्तुस्थिती नाकारली नाही. जुन्या समजुतीला नव्या माहितीची कसोटी लावली, एवढे या ठिकाणी महत्त्वाचे.

हा युक्तिवाद सर्वांना पटावा असे नाही, आणि घरोघरी तो पटलेला नाही. पण नागापूरच्या घरातला प्रश्न इथे येऊन पोचतो. ज्या घरात ‘जीव असलेले अंडे नको, बिनजीवाचे चालेल’ असा विचार असेल त्या घरात कोंबडा ठेवला की पेच उभा राहतो. कारखानदारी पद्धतीच्या कोंबडीगृहात पिंजऱ्यात कोंबडा नसतोच, त्यामुळे दुकानातले अंडे सहसा अफलितच असते. परसातल्या अंड्याचे तसे नाही. म्हणून तिथे एक नर ठेवण्याचा निर्णय हा कुटुंबाच्या विचाराचाही निर्णय ठरतो.

वर्गात अंडे फोडून फरक दाखवता येतो. बलकावर एक फिकट ठिपका असतो. अफलित अंड्यात तो लहान, गच्च आणि वेड्यावाकड्या कडेचा दिसतो. फलित अंड्यात मोठा, गोल आणि कड्यासारखा. सरावाने विद्यार्थी हे सहज ओळखतात.

लहान म्हणजे नेमका का लहान?

दुसरा प्रश्न कोंबड्याच्या लहानपणाचा. तो चार कारणांनी लहान असू शकतो, आणि प्रत्येक कारणाचा अर्थ वेगळा.

पहिले कारण वयाचे किंवा पोटाचे. अजून वाढीचे दिवस आहेत, जंत झाले आहेत, किंवा दाणे टाकताना मोठ्या कोंबड्या त्याला हाकलतात. हे सुधारता येते.

दुसरे कारण समाजातल्या स्थानाचे. नॉर्वेमध्ये थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या मुलाला लहान वयापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला टोचते याच्या नोंदी तो वहीत करी. मोठेपणी त्याने त्यावर शास्त्रीय निबंध लिहिला व तो १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. वरची खालचीला टोचते, खालची उलटून टोचत नाही. ‘टोचण्याचा क्रम’ ही कल्पना तेथून समाजशास्त्रापर्यंत पोचली. मोठ्या, अनुभवी कोंबड्यांच्या कळपात एक छोटा तलंगा सुरुवातीला सर्वांत खालच्या पायरीवर असतो. तो तिथेच राहील असे नाही. वयात आल्यावर बहुतेक नर वर चढतात. म्हणजे चार महिन्यांच्या तलंग्यावरून कायमचा निकाल देऊ नये.

तिसरे कारण तो कुठून आला याचे. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातींत निम्मी पिल्ले नर निपजतात. ती अंडी देत नाहीत, आणि अंगाने सडपातळ असल्याने मांसासाठीही परवडत नाहीत. एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग शरीराचे बारीक निरीक्षण करून ओळखण्याची पद्धत जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२० च्या दशकात शोधली. त्यामुळे उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर वेगळे काढणे शक्य झाले. जगभर अशी असंख्य नर पिल्ले मारली जातात. आपल्याकडे त्यांतील काही स्वस्तात फिरत्या विक्रेत्यांकडे येतात. सायकलवरच्या टोपलीतली पिल्ले बऱ्याचदा नरच का निघतात, याचे उत्तर इथे आहे. नागापूरच्या परसातला तो लहान कोंबडा कदाचित या छाटणीतून वाचलेला असेल.

चौथे कारण आनुवंशिक. १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन याने कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवले की मेंडेलचे नियम वाटाण्याप्रमाणे प्राण्यांनाही लागू पडतात. पुढे तुऱ्याच्या प्रकारांवरचा त्याचा आणि पुनेटचा प्रयोग अनेक पुस्तकांत आला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या हट याने १९५९ मध्ये कोंबड्यांतील बुटकेपणाच्या एका जनुकाचे वर्णन केले. हे जनुक लिंगगुणसूत्रावर असते. पक्ष्यांत उलटे असते : नराची दोन लिंगगुणसूत्रे सारखी, तर मादीची वेगवेगळी. मुलीला तिचे एकमेव ‘झेड’ गुणसूत्र बापाकडूनच मिळते. त्यामुळे असा बुटका कोंबडा नेहमीच्या कोंबड्यांना लावला तर त्याच्या सर्व मुली बुटक्या होतात आणि मुलगे मात्र नेहमीच्या आकाराचे! मुलांना फळ्यावर आकृती काढून हे शोधायला लावावे. अर्थात प्रत्येक लहान कोंबड्यात हे जनुक असते असे नाही. बऱ्याचदा लहानपणा अनेक जनुकांचा मिळून आलेला असतो, आणि मग पिल्ले सरासरीने मधल्या आकाराची निघतात.

कोंबडा म्हणजे अर्धा कळप

सहा कोंबड्या आणि एक कोंबडा असेल, तर पुढच्या पिढीतील निम्मा वारसा सहा माद्यांचा मिळून आणि निम्मा त्या एकट्या नराचा असतो. कळप बदलायचा तर नर बदला, हे पशुपालकांचे जुने सूत्र यातूनच आले.

स्वातंत्र्यानंतर याच सूत्रावर आपल्याकडे काम झाले. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली. त्या काळात व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड अशा परदेशी जातींचे नर खेड्यांत देऊन गावठी नर कमी करण्याचा प्रयत्न झाला. गणित सोपे होते. पहिल्या पिढीत सुधारित रक्त निम्मे, दुसऱ्या पिढीत तीन चतुर्थांश, तिसऱ्यात सात अष्टमांश. अंडी वाढतील यात शंका नव्हती.

पण गावच्या परसात कोंबडीकडून केवळ अंडी नको असतात. तिने खुडूक होऊन स्वतः अंड्यांवर बसले पाहिजे, पिल्ले सांभाळली पाहिजेत, घारीची सावली ओळखली पाहिजे, उकिरड्यावर पोट भरले पाहिजे. लेगहॉर्न जातीतून खुडूक होण्याचा गुण निवडीने जवळजवळ काढून टाकलेला आहे, कारण खुडूक कोंबडी तेवढे दिवस अंडी देत नाही. कारखान्यात हा दोष, परसात मात्र गुण! ज्या घरात उबवणी यंत्र नाही, तिथे खुडूक न होणारी कोंबडी म्हणजे दरवेळी पिल्ले विकत घेणे आले. अनेक देशांत नर बदलण्याच्या योजना अपेक्षेइतक्या टिकल्या नाहीत, त्यामागे हे एक कारण होते. दुसरे म्हणजे, शेजारचा गावठी कोंबडा कुंपण मानत नाही.

पुढे अंडी-उद्योग वेगळ्या वाटेने गेला. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुणे हे या व्यवसायाचे मोठे केंद्र झाले. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. परसासाठी मात्र बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराजा’ आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या ‘वनराजा’, ‘ग्रामप्रिया’ अशा जाती तयार करण्यात आल्या. दिसायला गावठीसारख्या आणि उत्पन्नाला सरस. पण वनराजा ही संकरित आहे. तिची पिल्ले घरच्या घरी काढली तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. त्यामुळे घरात वनराजा कोंबड्या असतील आणि शेजारी तिचाच भाऊ कोंबडा म्हणून ठेवला, तर आईबापांसारखी पिल्ले मिळण्याची अपेक्षा धरू नये. त्याऐवजी चांगल्या गावठी वाणाचा लहान, चपळ नर अधिक उपयोगी पडू शकतो. त्याच्या पिल्लांत काटकपणा आणि खुडूक होण्याचा गुण परत येण्याची शक्यता वाढते. लहान नराला मोठ्या कोंबड्यांशी संयोग करता येईल का, अशी शंका येते. तो निरोगी आणि चपळ असेल आणि अंतर फार मोठे नसेल, तर सहसा अडचण येत नाही. उलट जड नराच्या नखांनी कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडतात, कातडी फाटते. हा त्रास हलक्या नराने कमी होतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. तीनच कोंबड्या असतील तर एक नरही त्यांना जड होतो.

तांबडे कधी फुटते?

आता शेवटचा आणि नागापूरसारख्या दाट वस्तीत सर्वांत नाजूक प्रश्न : आरवणे. रात्रपाळी करून पहाटे घरी आलेल्या कामगाराच्या खिडकीखाली कोंबडा आरवू लागला, तर शेजारधर्म किती टिकेल?

आपल्याकडे म्हण आहे : कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हणीचा रोख वेगळा असला तरी तिच्यातल्या कोंबड्यावर २०१३ मध्ये जपानमधील नागोया विद्यापीठात जणू प्रयोगच झाला. शिमुरा आणि योशिमुरा यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले. पहाट नाही, तांबडे नाही. तरीही कोंबडे साधारण २३.७ तासांच्या अंतराने आरवत राहिले. म्हणजे घड्याळ त्यांच्या शरीरातच आहे, आणि ते उजेड होण्याच्या सुमारे दोन तास आधीच वाजते. कोंबडा झाकल्याने तांबडे थांबत नाही हे खरे, पण आरवणेही थांबत नाही! खुराड्यावर पोते टाकून आवाज थोडा दबेल, वेळ बदलणार नाही.

२०१५ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. अनेक कोंबडे एकत्र असतील तर वरच्या पायरीवरचा आधी आरवतो, बाकीचे क्रमाने मागून. वरच्याला हलवले की दुसरा पहिला होतो. तेव्हा आज गप्प असलेला लहान कोंबडा स्वभावाने गप्प आहे असे समजू नये. कदाचित शेजारच्या आळीतला मोठा कोंबडा त्याच्या आधी आरवतो, एवढेच असेल. आणि आवाजाचे म्हणाल, तर २०१८ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी कोंबड्याच्या कानाशी मोजलेला आवाज १४० डेसिबलच्या वर गेला होता. चोच पूर्ण उघडली की त्याच्या कानाचा मार्ग आपोआप बंद होतो, म्हणून तो स्वतः बहिरा होत नाही. शेजाऱ्याच्या कानाला अशी सोय नाही.

फ्रान्समध्ये ओलेरों बेटावरच्या मॉरिस नावाच्या कोंबड्याचा खटला २०१९ मध्ये न्यायालयात गेला. निकाल कोंबड्याच्या बाजूने लागला, आणि २०२१ मध्ये तेथे ग्रामीण भागातील आवाज व वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाही झाला. पण तो गावाचा वाद होता. नागापूर आज गाव आहे की शहर, हे ज्याला त्याला आपल्या गल्लीपुरते ठरवावे लागते. कायद्यापेक्षा शेजाऱ्याला आधी विचारणे स्वस्त पडते.

मग निर्णय काय?

आम्ही एकच उत्तर देणार नाही, पण क्रम सांगू शकतो. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरज नाही. कोंबड्या तीन-चारच असतील तरी नको. घरात फलित अंडे चालत नसेल तर नर ठेवूच नये. पिल्ले हवी असतील, कोंबड्या आठाच्या घरात असतील, निदान एक तरी खुडूक होणारी असेल आणि शेजारी राजी असेल, तर लहान कोंबडा अवश्य ठेवावा. मात्र तो त्याच कोंबड्यांचा भाऊ नसावा. बाहेरून आणलेला असेल तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा आणि मानमोडीची, म्हणजे रानीखेत रोगाची, लस टोचून घ्यावी. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले होते. पक्ष्यांची सरमिसळ किती महागात पडू शकते, हे तेव्हा साऱ्या राज्याने पाहिले.

आणि ठेवायचा नाही असे ठरले तर? त्याचे काय करायचे हेही त्याच दिवशी ठरवावे आणि घरातल्या मुलांना खरे सांगावे. अंड्याच्या प्रत्येक ट्रेमागे असा एक न ठेवलेला कोंबडा असतो. आपल्या परसात तो निदान डोळ्यांसमोर असतो, एवढाच फरक.

एका वहीत तारीख, अंडी, आरवण्याची वेळ आणि कोण कोणाला टोचते, एवढे लिहायला विद्यार्थ्यांना सांगावे. श्येल्डरुप-एब्बेने सुरुवात याहून जास्त साहित्याने केली नव्हती. महिनाभराच्या नोंदी समोर असल्या की कोंबडा ठेवायचा की नाही याचा निर्णय घरातली मुलेच जास्त समजून घेऊ शकतील.